जुन्या ऑक्टाव्हिया आरएसच्या इनटेकचे फॉल्ट कोड : निदान कसे करावे

स्कोडाने २००१ साली औरंगाबादजवळच्या शेंद्रा येथे ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू केली आणि २००४ च्या सुमारास या गाडीची आरएस ही वेगवान आवृत्ती भारतीय बाजारात आली. १७८१ सीसीचे, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह असलेले हे टर्बो पेट्रोल इंजिन युरोपात १८० पीएसचे होते. आपल्याकडे ते १५० पीएसचे मिळाले. आज या गाड्या दुसऱ्या, तिसऱ्या किंवा त्याहून पुढच्या मालकाच्या हाती आहेत आणि इनटेकमधले, म्हणजे इंजिनाच्या हवेच्या मार्गातले, रबर व प्लास्टिक इतक्या वर्षांच्या उष्णतेने व तेलाच्या वाफेने थकलेले आहे. त्यामुळे अशी गाडी विकत घेताना किंवा घेतल्यावर लगेच स्कॅनर लावला, तर मिश्रण लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) असल्याचा, बूस्ट (टर्बोने हवेला दिलेला जादा दाब) कमी असल्याचा किंवा हवा मोजणाऱ्या सेन्सरचा कोड निघणे हे जवळपास ठरलेलेच असते.

यानंतर बहुतेक ठिकाणी जे घडते ते टाळण्यासाठी हे मार्गदर्शन लिहीत आहे. कोडमध्ये ज्या सेन्सरचे नाव दिसते तो सेन्सर बदलला जातो, दिवा पुन्हा लागतो, मग ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो, मग थ्रॉटल बॉडी, आणि मालकाचे बरेच पैसे खर्च झाल्यावर कधीतरी मॅनिफोल्डखालची एक चिरलेली नळी सापडते. इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, नळी पाहू शकत नाही. त्याला फक्त आकडे दिसतात आणि ते एकमेकांशी जुळेनासे झाले की तो कोड नोंदवतो. कोणते आकडे जुळत नाहीत आणि नेमके कोणत्या वेळी जुळत नाहीत, हे शोधणे म्हणजेच निदान.

मोजलेली हवा आणि पोहोचलेली हवा

फिल्टरमधून आलेली हवा प्रथम मास एअर फ्लो सेन्सरमधून जाते. या कंपनीच्या आकृत्यांत त्याला जी७० म्हणतात. तेथून ती रबरी पाइपने टर्बोच्या तोंडाशी येते, टर्बो ती दाबतो, इंटरकूलर ती थंड करतो, पुढे हवा कमी-जास्त सोडणारी थ्रॉटल बॉडी आणि शेवटी ती सिलिंडरांत वाटणारा मॅनिफोल्ड. या संपूर्ण प्रवासात हवेचे वजन फक्त एकदा, अगदी सुरुवातीला, मोजले जाते आणि त्या मापावर पेट्रोल किती सोडायचे हे ठरते. मोजणीनंतर वाटेत हवा आत शिरली किंवा बाहेर निसटली, तर हिशेब चुकतो. धुराड्यातला ऑक्सिजन सेन्सर ही चूक पकडतो आणि ईसीयू पेट्रोल वाढवून किंवा घटवून ती सांभाळून घेतो. हे सांभाळणे ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले की दिवा लागतो.

आता महत्त्वाची गोष्ट अशी की गळती कोठे आहे त्यानुसार तिचा परिणाम बदलतो. थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डच्या बाजूला गळती असेल, तर आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) तेथे व्हॅक्यूम असल्यामुळे न मोजलेली हवा आत ओढली जाते आणि मिश्रण लीन होते; तीच गाडी जोरात रेस केली की मॅनिफोल्डमध्ये दाब तयार होतो आणि त्याच भेगेतून मोजलेली हवा बाहेर पडून मिश्रण उलट रिच (पेट्रोल जास्त) होते. टर्बो आणि थ्रॉटल यांच्या दरम्यान गळती असेल, तर आयडलवर फारसे काही जाणवत नाही, कारण त्या पाइपांत तेव्हा जेमतेम वातावरणाइतकाच दाब असतो. पण चढावर किंवा ओव्हरटेक करताना शिट्टीसारखा आवाज येतो, ताकद कमी पडते आणि मागून काळा धूर दिसतो. सेन्सर आणि टर्बो यांच्या मधल्या रबरी पाइपाला भेग असेल, तर तेथे सदैव ओढच असते, म्हणून न मोजलेली हवा सर्व वेळ आत येते आणि जितका जोर जास्त तितकी ती भेग अधिक उघडते. हे तीन प्रकार डोक्यात पक्के बसले, की पुढचे बरेचसे काम विचारानेच होते.

कोड वाचण्याआधी

जुनी गाडी पाहायला गेलो असताना स्कॅनरवर एकही कोड निघाला नाही, तर लगेच समाधान मानू नये. विक्रीच्या आदल्या दिवशी कोड पुसून टाकणे दोन मिनिटांचे काम आहे. पण कोड पुसले की ईसीयूच्या स्वतःच्या तपासण्यांची स्थिती, म्हणजे रेडिनेस, तीही पुसली जाते, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर वगैरे तपासण्या पुन्हा पूर्ण होण्यासाठी गाडी वेगवेगळ्या परिस्थितींत चालवावी लागते. म्हणून कोड शून्य आणि रेडिनेस अपूर्ण अशी जोडी दिसली, तर नुकतेच काहीतरी पुसले गेले आहे किंवा बॅटरी काढली गेली आहे असे समजावे आणि विक्रेत्याला सरळ विचारावे. इग्निशन चालू करताच मीटरमधला ईपीसीचा (थ्रॉटलच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणातला दोष सांगणारा) दिवा काही क्षण लागून विझतो की नाही, हेही पाहावे. मुळीच न लागणारा दिवा चांगली बातमी नव्हे.

स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर पी० ने सुरू होणारे सर्वसाधारण कोड वाचतात, परंतु फोक्सवॅगन समूहाच्या या इंजिनाचे बरेच उपयुक्त कोड पी१ ने सुरू होणारे, म्हणजे कंपनीचे स्वतःचे आहेत. त्यासाठी व्हीसीडीएससारखे या समूहासाठी बनवलेले साधन वापरावे. तेच पुढे लागणारे मेझरिंग ब्लॉकही, म्हणजे सेन्सरच्या चालू आकड्यांचे क्रमांकित गटही, दाखवते. हे साधन कोड पाच आकडी देते, त्यामुळे अनेकांचा गोंधळ होतो. त्याचा मेळ घालणे सोपे आहे: पी० च्या कोडमध्ये १६३८४ मिळवावेत आणि पी१ च्या कोडमध्ये १६४०८ मिळवावेत. पी०१७१ म्हणजे १६५५५, आणि पी११२८ म्हणजे १७५३६.

सर्व कोड आहेत तसे लिहून घ्यावेत किंवा त्यांची फाइल जतन करावी. तो कोड नोंदला गेला तेव्हाचे इंजिनाचे आरपीएम, लोड आणि तापमान साधनात दिसत असेल तर तेही टिपावे, कारण आयडलवर लागलेला लीनचा कोड आणि हायवेवर लागलेला लीनचा कोड या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. हे झाल्यावरच कोड पुसावेत, गाडी काही दिवस नेहमीप्रमाणे चालवावी आणि कोणते कोड परत येतात ते पाहावे. जुन्या गाडीत मागच्या मालकाच्या काळातले, सेन्सरचा प्लग कधीतरी काढून चालवलेल्या गाडीचे असे अनेक मृत कोड साठलेले असतात. परत येतात त्यांच्याच मागे लागावे.

बॅटरी प्रथम तपासा. सेल्फ मारताना व्होल्टेज फार खाली जात असेल, तर हे ईसीयू थ्रॉटलपासून सेन्सरपर्यंत कशाचेही खोटे कोड नोंदवू शकते.

थंड इंजिनावरची तपासणी

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू न करता फक्त इग्निशन चालू करावे. या क्षणी आत येणाऱ्या हवेचे तापमान, कूलंटचे तापमान आणि बाहेरचे तापमान हे तिन्ही जवळपास सारखे असायला हवेत. एखादा आकडा इतरांपासून फार दूर असेल, तर तो सेन्सर किंवा त्याची वायर संशयित ठरते. कूलंटचा सेन्सर सतत थंड आकडा सांगत असेल, तर ईसीयू विनाकारण जास्त पेट्रोल देते आणि तो दोष इनटेकच्या माथी मारला जातो.

याच वेळी बूस्टचा सेन्सर, म्हणजे जी३१, कोणता दाब सांगतो ते पाहावे. इंजिन बंद असताना त्याने वातावरणाचा दाब सांगायला हवा. मुंबईत तो सुमारे १०१० मिलीबार, पुण्यात सुमारे ९५० मिलीबार आणि महाबळेश्वरला सुमारे ८६५ मिलीबार असतो. पुण्यात ९५० दिसल्यावर सेन्सर कमी सांगतो असे म्हणणारे मेकॅनिक भेटतात. ते चूक आहे. पुढे बूस्टचे आकडे वाचतानाही हे ध्यानात ठेवावे, कारण ब्लॉकमध्ये दिसणारा दाब वातावरणासह असतो: मुंबईत १५५० मिलीबार दिसले, तर त्यातले सुमारे ५४० मिलीबार टर्बोचे.

मग बोनेट उघडून डोळ्यांनी आणि बोटांनी तपासणी करावी. चांगली टॉर्च आणि हातभर दांड्याचा छोटा आरसा यांनी जे सापडते, ते महागड्या स्कॅनरने सापडत नाही. टर्बोकडे जाणारा रबरी पाइप क्लॅम्पच्या जवळ आणि खालच्या बाजूने फाटतो, म्हणून तो हाताने वाकवून पाहावा. इंटरकूलरच्या पाइपांच्या जोडांवर तेलाचा ओलावा आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसली, तर तेथून दाबाखाली हवा निसटते असे बहुधा समजावे. मॅनिफोल्डच्या खाली, ऑइल फिल्टरच्या वरच्या अंगाला क्रँककेसची (इंजिनाच्या खालच्या पोटातली) वाफ वाहून नेणाऱ्या रबरी नळ्यांचे जाळे आहे. ते एका बाजूने उष्णतेने कडक होते आणि आतून तेलाने फुगून लिबलिबीत होते. बाहेरून ठीक दिसणारी नळी दाबली की बोट आत जाते. ऑइल मोजण्याच्या सळईची नारिंगी प्लास्टिकची नळी या इंजिनात हमखास ठिसूळ होऊन तुटते. ती तुटणे ही किरकोळ बाब वाटते, पण क्रँककेसमध्ये शिरणारी हवा शेवटी मॅनिफोल्डमध्येच जाते आणि ती कोणीही मोजलेली नसते.

ट्रिमचे दोन आकडे

आता इंजिन पूर्ण गरम करावे, एसी बंद ठेवावा आणि व्हीसीडीएसमध्ये ०३२ हा ब्लॉक उघडावा. त्यात पेट्रोलच्या दीर्घकालीन दुरुस्तीचे, म्हणजे ट्रिमचे, दोन आकडे दिसतात: पहिला आयडलचा, दुसरा चालत्या गाडीचा. अधिक चिन्ह म्हणजे ईसीयू पेट्रोल वाढवत आहे, अर्थात त्याला मिश्रण लीन वाटते. उणे चिन्ह म्हणजे ते पेट्रोल घटवत आहे. निरोगी इंजिनात दोन्ही आकडे शून्याच्या आसपास, चार-पाच टक्क्यांच्या आत राहतात, आणि दहाच्या पुढे गेलेला आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नसतो.

माझ्या मते या संपूर्ण कामातली सर्वांत मोलाची माहिती याच दोन आकड्यांत आहे, आणि सर्वांत कमी वेळ लोक तिलाच देतात. पहिला आकडा मोठा अधिक आणि दुसरा शून्याजवळ असेल, तर गळती थ्रॉटलच्या पुढे, व्हॅक्यूमच्या बाजूला आहे. १७५४४, म्हणजे पी११३६, हा कोड याच स्थितीत निघतो. पहिला ठीक आणि दुसरा मोठा अधिक असेल, तर १७५३६ निघतो आणि संशय हवा कमी मोजणाऱ्या सेन्सरवर, सेन्सर व टर्बो यांच्या मधल्या फाटलेल्या पाइपावर किंवा पेट्रोलच्या कमी दाबावर जातो. दोन्ही अधिक असतील, तर पेट्रोलचा फिल्टर कधी बदलला होता ते आधी विचारावे आणि इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या रेलवरचा दाब गेजने मोजून घ्यावा; दाबाच्या नियामकाची व्हॅक्यूमची नळी काढलेली असताना तो ३ बारच्या आसपास हवा. दुसरा आकडा मोठा उणे असेल, तर मोजलेली हवा टर्बोनंतर बाहेर निसटत असल्याची शक्यता प्रथम धरावी.

एक सावधगिरी येथे सांगायला हवी. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला भेग असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाऊन सेन्सर खोटा लीन संदेश देतो. म्हणून थंड इंजिन सुरू करताच एक्झॉस्ट मॅनिफोल्डपाशी टिकटिक ऐकू येते का, तेवढे कान देऊन पाहावे.

आयडलची गळती शोधणे

मॅनिफोल्डच्या बाजूची गळती शोधण्याचा मला सर्वांत विश्वासाचा वाटणारा मार्ग म्हणजे एकेक नळी बंद करत जाणे. नळीला इजा न करता दाबणारे गुळगुळीत जबड्यांचे होज प्लायर बाजारात मिळतात. इंजिन आयडलवर ठेवून ०३३ हा ब्लॉक उघडावा, ज्याच्या पहिल्या खान्यात क्षणोक्षणीची दुरुस्ती दिसते, आणि ब्रेक बूस्टरकडे जाणारी नळी, पेट्रोलच्या वाफेच्या एन८० व्हॉल्व्हची नळी, क्रँककेसची नळी अशी एकेक दाबून काही सेकंद थांबावे. ज्या नळीला दाबताच दुरुस्तीचा आकडा झपाट्याने खाली उतरतो, तिच्याच फांदीवर गळती आहे. मग शोध वीसेक जोडांवरून दोन-तीन जोडांवर येतो.

याच फांद्यांवर एकमार्गी व्हॉल्व्ह आहेत, आणि ब्रेक बूस्टरसाठी व्हॅक्यूम वाढवणारा प्लास्टिकचा सक्शन पंपही मॅनिफोल्डखाली दडलेला आहे. एकमार्गी व्हॉल्व्ह काढून तोंडाने फुंकून पाहावा: एका दिशेने हवा जायला हवी, दुसऱ्या दिशेने अजिबात नाही. क्रँककेसचा व्हॉल्व्ह निकामी झाला, तर बूस्टचा दाब थेट इंजिनाच्या पोटात जातो, ऑइल सील गळू लागतात आणि ऑइलची सळई वर उचलली जाते. ब्रेक बूस्टरच्या बाजूचा व्हॉल्व्ह निकामी झाला, तर ब्रेकचे पेडल कडक लागते. ही दुसरी खूण दिसल्यास निदान पूर्ण होईपर्यंत गाडी रस्त्यावर नेऊ नये.

अनेक गॅरेजांत चालत्या इंजिनावर कार्ब क्लीनरचा फवारा मारून किंवा न पेटवलेला गॅस सोडून आयडल बदलते का ते पाहतात. तापलेला टर्बो आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हाताच्या अंतरावर असताना हा प्रकार धोक्याचा आहे आणि तो करू नये असेच मी सांगेन. स्मोक मशीन असलेले गॅरेज मिळाले तर उत्तम: बंद इंजिनाच्या इनटेकमध्ये अगदी कमी दाबाने धूर सोडला की तो भेगेतून बाहेर येताना दिसतो. ते नसेल, तर साबणाचे पाणी आणि धीर यांवरही काम होते.

हवा मोजणारा सेन्सर

गरम इंजिन, एसी बंद आणि आयडल, अशा स्थितीत हा सेन्सर साधारण २ ते ४ ग्रॅम प्रति सेकंद इतकी हवा दाखवतो. पूर्ण जोरावर, वरच्या आरपीएमला किती दिसायला हवी याचा एक उपयोगी अंदाज असा की अश्वशक्तीच्या आकड्याला ०.८ ने गुणावे. १५० पीएसच्या गाडीत तो आकडा १२० च्या जवळपास येतो. ८० किंवा ९० वरच अडकणारा सेन्सर थकलेला असू शकतो, पण तेवढ्यावर तो बदलू नये. सेन्सरच्या पुढे पाइप फाटलेला असला, फिल्टर चोंदलेला असला किंवा बूस्टच तयार होत नसला, तरीही आकडा कमीच येतो. सेन्सर खरे बोलत असून हवा कमी आहे, की हवा पुरेशी असून सेन्सर कमी सांगतो, हे ट्रिमवरून ठरते: कमी आकड्यासोबत चालत्या गाडीचा ट्रिम मोठा अधिक असेल तरच सेन्सर किंवा त्याच्या पुढचा पाइप दोषी.

प्लग काढून गाडी चालवून पाहण्याची पद्धत सर्वत्र प्रचलित आहे. प्लग काढला की ईसीयू साठवलेल्या अंदाजावर चालते, १६४८६ हा कोड नोंदवते, आणि गाडी त्यामुळे सुधारली तर संशय बळावतो. ही खूण म्हणून ठीक, पुरावा म्हणून अपुरी. सेन्सर स्वच्छ करायचा असेल, तर त्यासाठीच बनवलेला क्लीनर वापरावा, आतल्या बारीक फिल्मला बोट, कापड किंवा ब्रश लावू नये आणि पूर्ण वाळल्यावरच बसवावा. ज्या गाडीत तेल लावलेला कापडी परफॉर्मन्स फिल्टर आहे, तेथे जास्तीचे तेल उडून याच फिल्मवर बसते; नवीन सेन्सर घालण्याआधी त्या फिल्टरचे काय करायचे ते ठरवावे.

बूस्टचे कोड

१७७०५, म्हणजे पी१२९७, टर्बो आणि थ्रॉटल यांच्या दरम्यान दाब घसरल्याचे सांगतो. १६६८३, म्हणजे पी०२९९, अपेक्षेपेक्षा कमी बूस्ट असल्याचे. तर १६६१८ आणि १७९६३ हे बूस्ट मर्यादेबाहेर गेल्याचे. या प्रत्येक वेळी ईसीयू गाडीला लिंप मोडमध्ये (इंजिनाची ताकद मुद्दाम मर्यादित ठेवणाऱ्या स्थितीत) टाकू शकते, आणि मग इंजिन बंद करून पुन्हा सुरू केल्यावर काही काळ सगळे सुरळीत वाटते.

यासाठी ११५ हा ब्लॉक नोंदवावा, ज्यात मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष दाब शेजारी शेजारी दिसतात, आणि ११८, ज्यात बूस्ट नियंत्रित करणारा एन७५ व्हॉल्व्ह किती टक्के काम करत आहे ते दिसते. ही नोंद तिसऱ्या गिअरमध्ये सुमारे २००० आरपीएमपासून पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून घ्यायची असते, म्हणून ती डायनोवर (गाडी जागेवर ठेवून चाके फिरवू देणाऱ्या यंत्रावर) किंवा बंद ट्रॅकवर घ्यावी आणि लॅपटॉप दुसऱ्या व्यक्तीच्या हाती असावा. रहदारीच्या रस्त्यावर हे करण्याइतका कोणताही कोड निकडीचा नसतो.

प्रत्यक्ष दाब मागितलेल्यापेक्षा बराच कमी आणि एन७५ जवळजवळ पूर्ण टक्क्यांवर, असे दिसले तर ईसीयू सर्व प्रयत्न करत आहे आणि हवा निसटते आहे. अशा वेळी पाइपांचे जोड, मग डायव्हर्टर व्हॉल्व्ह (ॲक्सिलरेटर सोडताच दाबलेली हवा परत वळवणारा) आणि शेवटी वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) नीट बंद होतो की नाही, या क्रमाने जावे. डायव्हर्टर व्हॉल्व्ह बाहेर काढून त्याची आतली चकती बोटाने वर ढकलावी, वरच्या नळीचे तोंड दुसऱ्या बोटाने बंद करावे आणि चकती सोडावी. पडदा शाबूत असेल तर ती वरच अडकून राहते, फाटला असेल तर हळूहळू खाली सरकते. उलट, प्रत्यक्ष दाब मागणीच्या वर जात असेल आणि एन७५ चे टक्के खाली आलेले असतील, तर वेस्टगेट हलवणाऱ्या ॲक्चुएटरकडे जाणारी बारीक नळी निसटलेली, चिरलेली किंवा चुकीच्या ठिकाणी जोडलेली असण्याची शक्यता मोठी आहे. ही नळी काही रुपयांची आहे आणि तिच्यामुळे इंजिनाचे पिस्टन जाऊ शकतात, म्हणून जास्त बूस्टचा कोड असलेली गाडी जोरात चालवू नये.

पाइपांची दाब-चाचणी घरच्या घरी करता येते. सेन्सर काढून त्याच्या जागी रबरी पाइपाच्या तोंडात पीव्हीसीचा एंड कॅप बसवावा, त्यात ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह घालावा आणि रेग्युलेटर असलेल्या कॉम्प्रेसरने सावकाश हवा भरावी. क्रँककेसची नळी या पाइपालाच जोडलेली असल्याने ती वेगळी करून दोन्ही तोंडे बंद करावीत, नाहीतर ऑइल सीलवर दाब येईल. या १५० पीएसच्या गाडीसाठी अर्ध्या बारच्या वर जाण्याची गरज नाही. मग प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी टाकत जावे. एक्झॉस्टच्या दिशेने थोडी फुसफुस ऐकू येणे स्वाभाविक आहे, कारण एखाद्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह उघडे असतात.

आधीच्या मालकाचे बदल

आरएस घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी तिला हात लावलेला असतो, आणि निदान करणाऱ्याला हे माहीत नसेल तर तो चुकीच्या आकड्यांशी तुलना करत बसतो. ईसीयू रिमॅप केलेले (आतला प्रोग्रॅम बदललेले) असेल तर मागितलेला दाबच मूळपेक्षा जास्त असतो, आणि २० वर्षांचे क्लॅम्प तो पेलत नाहीत. सर्वांत जास्त त्रास देणारा बदल म्हणजे बाहेर हवा सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह. मूळ व्हॉल्व्ह मोजलेली हवा पुन्हा टर्बोच्या तोंडाशी परत नेतो. बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह ती फेकून देतो, तर ईसीयू मात्र त्या हवेसाठी पेट्रोल देऊन बसलेले असते. परिणामी ॲक्सिलरेटर सोडताच झटका, सिग्नलला थांबताना इंजिन बंद पडणे आणि रिचचे कोड. अशा गाडीत निदानाची पहिली पायरी म्हणजे मूळ पद्धतीचा व्हॉल्व्ह परत बसवणे. क्रँककेसची नळी काढून लावलेला, वाफेतले तेल साठवणारा कॅच कॅन, बूच मारून बंद केलेल्या व्हॅक्यूमच्या नळ्या, उघडा कोन फिल्टर, हे सर्व यादीत लिहून ठेवावे. त्यातले स्वस्त रबरी बूच वर्ष-दोन वर्षांत फाटतात.

थ्रॉटल आणि ईपीसीचा दिवा

थ्रॉटल बॉडीत तेलकट काळा थर साचला की आयडल डळमळते. ती काढून स्वच्छ केल्यावर, किंवा बॅटरी बराच काळ काढलेली असल्यास, थ्रॉटलचे ॲडाप्टेशन (तिच्या स्थिती ईसीयूला नव्याने शिकवणे) करावेच लागते: इंजिन बंद, इग्निशन चालू, बॅटरी भरलेली, पाय पेडलपासून दूर, आणि ०६० हा ब्लॉक बेसिक सेटिंगमध्ये उघडून ॲडाप्टेशन ओके असे येईपर्यंत थांबावे. ईपीसीचा दिवा लागला म्हणून थ्रॉटल बॉडी बदलण्याआधी ब्रेक पेडलवरचा स्विच तपासावा, कारण या गाड्यांत तो बिघडला तरी तोच दिवा लागतो आणि तो थ्रॉटल बॉडीच्या मानाने अगदी स्वस्त आहे.

नंतरच्या पिढ्यांसाठी

२०११ च्या लॉरा आरएसमध्ये १६० पीएसचे १.८ टीएसआय आणि २०१७ च्या ऑक्टाव्हिया आरएसमध्ये २३० पीएसचे २ लिटरचे इंजिन आले. वरची तत्त्वे तेथेही लागू आहेत, परंतु दुखण्याच्या जागा बदलतात. १.८ टीएसआयमध्ये इंजिनावरच्या ब्रीदर व्हॉल्व्हचा पडदा फाटतो. आयडलवर बारीक शिट्टी, पी०१७१ आणि ऑइलचे झाकण काढू न देणारी जबर ओढ ही त्याची लक्षणे. पी२०१५ हा कोड मॅनिफोल्डमधल्या झडपांच्या स्थितीचा आहे, आणि तेथे बहुधा झडपांचा झिजलेला सांधा दोषी असतो. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडले जात असल्याने इनटेक व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि त्यांवर कार्बन साचतो. थंड इंजिनावर मिसफायर (एखाद्या सिलिंडरमधले ज्वलन चुकणे) होत असेल आणि कॉइल व प्लग ठीक असतील, तर मॅनिफोल्ड काढून व्हॉल्व्ह पाहावेत. अक्रोडाच्या टरफलाच्या भुकटीने ते साफ करणारी गॅरेजे आता मोठ्या शहरांत आहेत.

दुरुस्तीनंतर

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, कोड पुसावेत, आणि दुरुस्तीच्या आधी घेतलेल्या ब्लॉकची नोंद पुन्हा त्याच परिस्थितीत घ्यावी. कोड पुसताना दीर्घकालीन ट्रिमही शून्यावर येतो, म्हणून लगेच दिसणारे शून्य हे यश मानू नये. शहर आणि हायवे असे दोन्ही प्रकारचे काही दिवसांचे चालवणे झाल्यावर आकडे चार-पाच टक्क्यांच्या आत स्थिरावले आणि रेडिनेस पूर्ण झाला, तरच काम झाले असे धरावे. गाडी अजून विकत घ्यायची असेल, तर हीच नोंद सौद्यात वापरता येते: फक्त आयडलचा ट्रिम बिघडलेला आणि नळ्या जुन्या असतील तर नळ्यांचा पूर्ण संच व मजुरी किमतीतून वजा करून गाडी खुशाल घ्यावी. जास्त बूस्टचा कोड, अज्ञात रिमॅप आणि क्रँककेसमध्ये जोराचा दाब हे तिन्ही एकत्र दिसले, तर सिलिंडर दाब धरून ठेवतात की नाही हे पाहणारी कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन चाचणी झाल्याशिवाय बयाणा देऊ नये.